बी पॉझिटिव्हवाल्यांचं बाकडं

सोलापुरात आमच्या लिव्हरच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलं की माणसाचा एक तर पाय हलत राहतो, नाहीतर जीभ. माझं दोन्ही हलतं! दर सहा महिन्यांनी त्याच बाकड्यावर तीच माणसं भेटतात आणि रिपोर्टची वाट बघता बघता किस्से साचत जातात.

सुरुवात माझ्यापासूनच करतो. ऑफिसच्या शिबिरात रक्त दिलं, तर रक्तपेढीनं बोलावून घेतलं. तिथल्या मॅडम हळूच म्हणाल्या, "सर, तुमचं बी पॉझिटिव्ह आलंय."

"माहीत आहे की! ब्लड ग्रुपच आहे तो माझा."

"ब्लड ग्रुप नाही सर. हिपॅटायटिस बी."

घरी येऊन मी माझं ताट, पेला, टॉवेल, सगळं वेगळं केलं. बायकोनं, सुनंदानं, आठवडाभर बघितलं आणि ताट माझ्यापुढे आदळलं. "अहो, वेगळं ताट ज्याचं त्यानं घासायचं असतं. घासा!"

दुसऱ्याच दिवशी तिनं मला डॉक्टरांपुढे नेऊन बसवलं. डॉक्टर म्हणाले, "एका ताटात जेवा हो! जेवणातून पसरत नाही. रेझर आणि टूथब्रश तेवढा वेगळा ठेवा." सुनंदाची टेस्ट निगेटिव्ह आली, तिला लस मिळाली. मला रोज एक गोळी. ताट अजून मीच घासतो!

वळसंगचे बिरप्पा मेंढरं राखतात. वर्षभर गोळी घेतल्यावर त्यांच्या रिपोर्टात आलं, रक्तात व्हायरस सापडत नाही. गड्यानं खुशीत गोळी बंद केली. काही महिन्यांनी आले ते पिवळेधमक डोळे घेऊन! आम्ही बाकडं रिकामं करून त्यांना आडवं केलं. ॲडमिट झाले, घरच्यांच्या तोंडचं पाणी पळालं. थोडक्यात वाचले.

डॉक्टरांनी विचारलं, "गोळी का सोडलीत?"

"आजार गेला म्हनून लिवलंय की!"

डॉक्टर म्हणाले, "बिरप्पा, राखणीला कुत्रं होतं म्हणून लांडगा आला नाही. तुम्ही कुत्रंच हाकललंत!"

बिरप्पांनी उशाजवळची गोळ्यांची पट्टी हातात घेतली. मग म्हणाले, "म्हंजे कुत्र्याला रोज भाकर टाकाय लागंल की."

श्रीपूरच्या साखर कारखान्यातले कदम फिटर धडधडत्या मशीनला घाबरत नाहीत, पण सोनोग्राफी म्हटलं की बाकड्यावर टेकत नाहीत. लिव्हरमध्ये गाठ तर नाही ना, हे बघायला ती वरचेवर करावी लागते. एकदा त्यांच्या येरझाऱ्या बघून नर्स ओरडली, "काका, बसा की! पोट रिकामं आहे ना?"

"कुटलं रिकामं? सकाळधरनं गोळा आलाय पोटात!"

आणि तनुजा. करमाळ्याची, शाळेत शिकवते. तिला अजून गोळी लागत नाही, नुसत्या तपासण्या. लग्न ठरलं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "मुलाला सांग. त्याची टेस्ट आणि लस झाली की निर्धास्त लग्न करा."

घरचे म्हणत होते, लग्नानंतर सांग. तिनं ऐकलं नाही. नवऱ्या मुलाला, महेशला, चहाच्या टपरीवर बोलावून सगळं सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "बरं." चहा तसाच ठेवून गेला. नंतर फोन नाही, मेसेज नाही.

पुढच्या तपासणीला ती आमच्या शेजारी बसली होती. दर मिनिटाला मोबाईल उलटा करायची, पुन्हा सुलटा करायची. बिरप्पांनी विचारलं, "पोरी, काय म्हनाला गं त्यो?" तिनं मोबाईलच त्यांच्यापुढे धरला; एकही मेसेज नव्हता. कदम फिटर उगाच पंख्याकडे बघू लागले.

तेवढ्यात दार ढकलून महेश आत आला. मागे त्याचा भाऊ, वडील, आणि सगळ्यांना कोपरानं बाजूला सारत नऊवारीतली आई!

तनुजा ताडकन उभी राहिली. महेश नर्सला म्हणाला, "टेस्ट करायचीय. आणि लस. सगळ्यांना."

"एकेक जण या. आधी कोण?"

आईनं पोलक्याची बाही वर सारली आणि महेशला मागं ओढलं.

"तू सर रं. आदी माजं घ्या. सासू मी होनार हाय!"