आंब्यापर्यंतचा आवाज

हळदीला वाजवणाऱ्या आमच्या बेंजो पार्टीत मी बेस गिटार वाजवतो. ॲम्प्लिफायरला नवा स्पीकर बॉक्स घ्यायचा होता. कल्याणच्या दुकानात प्रत्येक बॉक्स घुमत होता, पण बंद खोलीत काय, तेलाचा डबासुद्धा घुमतो. आमचं वाजवणं उघड्यावरचं. म्हणून दुकानदाराशी हुज्जत घालून दोन बॉक्स धसईला घरी आणले, एक चार लहान स्पीकरचा, दुसरा एकाच मोठ्या स्पीकरचा. भात कापलेल्या शेताच्या कडेला ते मांडले आणि आईला सांगितलं, "बांधावरनं लांब चालत जा. ऐकू येतंय तोवर हात वर ठेव. यायचं थांबलं की खाली घे."

पहिल्या बॉक्सला ती टोकाच्या आंब्यापर्यंत हात वर ठेवून गेली आणि माझं वाजवणं बघत उभी राहिली. दुसऱ्यालाही तसंच. ती परत आल्यावर मी वैतागलोच. "दोन्ही सारखेच कसे? आंब्यापाशी काय ऐकू येत होतं?"

"काय नाय. निम्म्या वाटंतच यायचं बंद झालं."

"मग हात कशाला वर ठेवलास?"

"खाली घेतला असता तं तू वाजवायचा थांबला असतास."