पऱ्हाटीची वकिलीण

माझी बायको कपाशीचं बोंड वेचायच्या आधी झाडाला सांगायची. तोंडातल्या तोंडात नव्हे, चारचौघांना ऐकू जाईल असं. "घेते वं बाई," म्हणायची आणि मगच हात घालायची. कपाशीच्या झाडाला आमच्याकडे पऱ्हाटी म्हणतात. आमचं वावर वलगावच्या वाटेला लागून. जाणारे गाडीवान बैल थांबवून हसायचे. गावानं तिचं नाव पाडलं, पऱ्हाटीची वकिलीण. तिचं खरं नाव मी ती असताना कधी घेतलं नाही, आता काय घेऊ.

मी पंतोजीकडे दोनच पावसाळे बसलो, तेव्हा हे लिहिणं ओबडधोबडच होणार. ती तर एक दिवसही बसली नव्हती. पण झाडाच्या बाबतीत तिच्यापुढं मी अडाणी, हे आता लिहायला हरकत नाही.

तिला कोणी चिडवलं तर ती चिडत नसे. एकदा पाटील धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून ओरडले, "वकिलीणबाई, आज काय म्हणते पऱ्हाटी?"

"म्हणते, पाटलाले सांगा हळू बोला, फुलं गळून राहिली!"

पाटील आठ दिवस त्या वाटेनं आले नाहीत.

डवरणीच्या वेळी, ओळींतलं तण काढताना, डवऱ्याची लोखंडी पास एखाद्या झाडाच्या मुळाला लागली, की ही खाली बसून माती ओढायची आणि विचारायची, "लागलं का वं?" मी म्हणायचो, झाडाला काय समजते? तर म्हणे, "लाजाळूले हात लावला त मिटते. म्हंजे तिले समजते. पऱ्हाटी लाजत नाई, एवढंच."

एका साली वावराच्या कोपऱ्यात अळी पडली. बायकोनं अळीनं खाल्लेली झाडं पाहिली, आणि मागच्या, धड असलेल्या ओळीतलं पान तोडून चावलं. मग दूरच्या ओळीतलं चावलं. "या मांगच्या तुरट झाल्या," म्हणाली. "त्यायले खबर लागली." मीही दोन्ही पानं चावून पाहिली. मला दोन्ही सारखीच कडू. दिवसभर जीभ घासत बसलो, आणि ती हसत होती. पण अळी तिसऱ्या ओळीच्या पुढं गेली नाही, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. का गेली नाही ते देव जाणे.

तिचा एकच कायदा होता. धुऱ्यावरच्या चिंचेची पानं संध्याकाळी मिटली, की वेचणी बंद. सकाळी चिंच उघडली तरी लगेच हात लावायचा नाही. पऱ्हाटीवरचं दव सुकेस्तोवर थांबायचं. "जागी झाली, पन आंग त कोरडं होऊ द्या तिचं," असं म्हणायची.

मग कापसाचे ते दिवस आले. समुद्रापलीकडे कुठं लढाई लागली आणि इकडे अमरावतीच्या बाजारात कापसाला कधी ऐकला नव्हता असा भाव आला. लोकांनी ज्वारीची वावरं मोडून पऱ्हाटी लावली. एकानं तर बैलाच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढवल्या. सगळं गाव दवातच वेचू लागलं, कारण ओला कापूस काट्यावर जड भरतो. मलाही ते वारं लागलं. वीस बायांना मी तांबडं फुटताच वावरात उभं केलं.

ती आडवी आली. "दव उतरू द्या जी. झोपल्या बाईच्या आंगावरची गोधडी ओढते का कोनी?"

"पऱ्हाटीले का जीव हाय?"

"पानी नाई भेटलं त पऱ्हाटी मेली म्हनता ना? जीवच नाई त मरते कोन?"

उत्तर सुचलं नाही की मी ओरडतो. "तू वकिली कर, मी शेती करतो!" म्हणालो आणि बायांना ओळी धरायला लावल्या. ती चिंचेखाली जाऊन बसली. ऊन चढून पानं कोरडी झाल्यावर उठली आणि आपल्या ओळी वेचल्या. असं चार दिवस चाललं. तिचा कापूस तिनं घरात कोपऱ्यात वेगळा ठेवला, माझ्या गंजीला लागू दिला नाही.

पाचव्या दिवशी गाडी भरायची म्हणून मी गंजीत हात घातला आणि मागं ओढला. आत चुलीजवळ असावी तशी ऊब. आंबूस वास. मूठभर बाहेर काढला तर पिवळा. मी तिला हाक मारली. लेकराच्या कपाळाला लावावा तसा तिनं हात लावला, मग कोपरापर्यंत आत घातला.

"ताप आला याले," म्हणाली. बस, एवढंच.

मी टोमण्याची वाट पाहत उभा. तिच्या जागी मी असतो तर जन्मभर टोचून खाल्लं असतं. तिनं पदर खोचला, सगळी गंजी अंगणात पसरली आणि तीन दिवस उन्हात बसून पांढरा वेगळा, पिवळा वेगळा केला. मी मदतीला वाकलो तर म्हणाली, "तुमी रावू द्या. तुमाले पाहून भेते तो." माझा जवळजवळ सगळा पिवळा निघाला; त्या खेपेला गाडीत जास्त करून तिचाच कापूस गेला.

त्यानंतर मी दवात कधी वेचणी केली नाही. पण तुझं खरं होतं, असं तिला म्हटलंही नाही. पुरुषाच्या तोंडातून ते निघत नाही. भाव पडले, चांदीच्या शेंब्या उतरल्या, माझे केस पिकले, तरी निघालं नाही.

यंदा पोळा झाल्यावर ती गेली. दोन दिवसांचा ताप. शेवटी हात धरून म्हणाली, "पयल्या वेचनीले झाडाले सांगजा." मी हो हो केलं, जसं आजाऱ्याला करतात.

दिवाळीनंतर पहिली वेचणी निघाली. रिवाजाप्रमाणे पहिल्या झाडापाशी दहीभात ठेवला. बाया कापूस घ्यायला कमरेला ओट्या बांधून तयार. त्यांतल्या अर्ध्या तिला हसणाऱ्या.

"मालक, धरायच्या का ओळी?"

चिंच उघडली होती. पऱ्हाटी ओली होती.

"थांबा," मी म्हणालो. "आंग कोरडं होऊ द्या तिचं."

कोणी हसलं नाही. ऊन चढलं, पानं सुकली. मी झाडापुढं वाकलो. वीस बायांपुढं म्हाताऱ्यानं झाडाशी बोलायचं! पण कबूल केलं होतं.

"घेतो वं बाई," म्हणालो. "ती गेली. यंदापासून मीच येईन."

झाड ऐकते की नाही, ते मला आजही ठाऊक नाही. पण तिला सांगायचं एक राहिलं होतं. ते कुठं सांगावं, हे इतके दिवस समजत नव्हतं. बोंडाला हात घालण्याआधी तेही पऱ्हाटीच्या कानावर घातलं.

"खरं तिचंच होतं."