हुगळीचा काठ

माख्तेल्डने हुगळी गाव शंभरदा तरी रंगवलं असेल. पाहिलं मात्र एकदाही नाही. ती कामाला होती त्या ॲमस्टरडॅमच्या नकाशावाल्या योरिस मास्तरांकडे हिंदुस्थान कुणीच पाहिलेला नव्हता, आणि त्याची लाजही कुणाला नव्हती. जुन्या मूळ चित्राला सुईने टोचे मारलेले असत. ते कोऱ्या कागदावर ठेवून वरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटली की खालच्या कागदावर ठिपके उमटत: नदी, काठ, वखार, माड. शिंपल्यांत कालवलेले रंग माख्तेल्डने त्या ठिपक्यांच्या आत भरायचे. विधवा झाल्यापासून बावीस वर्षं ती हेच करत होती.

तिचा एकुलता एक मुलगा वेसेल डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजावर चढला आणि त्याच हुगळीला तापाने गेला. कळलं तेही दीड वर्षाने. त्याला पुरलं कुठे, एवढं तरी समजावं म्हणून तिचा जीव तळमळत होता. धक्क्यावर उतरणाऱ्या प्रत्येक खलाशाला ती विचारी. म्हातारी दिसली की लोक वाट बदलू लागले.

शेवटी लुबर्ट नावाचा खलाशी भेटला. वेसेलला खांदा देणाऱ्यांपैकी एक. त्याला घरी आणून तिने हेरिंग मासा आणि बिअर पुढे केली, आणि शेजारी चित्र पसरलं.

“बोट ठेव बाबा. कुठे आहे माझा पोर?”

लुबर्टने मान वाकडी करून पाहिलं. “मावशी, हे गाव कुठलं?”

“कुठलं म्हणजे? हुगळी!”

“असेल, तुमच्या मास्तरांच्या आजोबांच्या वेळची!” तो हसला, आणि तिचं तोंड पाहून ओशाळला. मग वखारीपुढच्या हिरव्या काठावर त्याने बोट ठेवलं. “इथे पुरला होता. पण हा काठ आता नाही, मावशी. पुरात नदीने खाल्ला. वखार गेली, थडगीही गेली. आता होड्या जातात तिथून.”

सोमवारी सहा हुगळ्यांची मागणी आली. पहिल्याच कागदावर माख्तेल्डने ठिपके ओलांडले आणि तो काठ निळा करून टाकला.

योरिस मास्तरांनी कागद खिडकीशी धरला. “माख्तेल्डबाई, पाणी वखारीत शिरलंय.”

“खरंच शिरलंय, मास्तर. माझा वेसेल आहे त्यात.”

मास्तर माणूस वाईट नव्हता. त्याने कागद हळूच बाजूला ठेवला. “गिऱ्हाइकाला वखार हवी, बाई. पाणी काय, त्यांच्या दारातल्या कालव्यात पुष्कळ आहे.” आणि त्याने ठिपक्यांचा नवा कागद तिच्यापुढे सरकवला.

पोट कुणाला सुटलंय? तिने हिरव्याचा शिंपला ओढला आणि सहाही कागदांवर तो काठ होता तसा रंगवला. आसवं पडली की रंग फुटतो, म्हणून मान मागे घेऊन, हात लांब करून रंगवत होती.