झारा सिटिंग

माझं शेवटचं पोस्टिंग उत्तरेकडच्या एका डॉग युनिटवर होतं. मी मेजर, शिक्षणानं जनावरांचा डॉक्टर. लष्करातला पशुवैद्य म्हणजे कुत्र्यांना इंजेक्शनं टोचणारा माणूस, असं नातेवाईकांना आजही वाटतं. तेही करायचोच. पण माझा निम्मा वेळ एकाच कोड्यात जायचा. कुत्र्याला काय कळलंय, हे आपल्याला कसं कळावं? त्या कोड्याचं मला व्यसनच लागलं होतं.

स्फोटकं शोधणारा कुत्रा वास लागला की भुंकत नाही, उकरत नाही. उकरलं तर सगळंच संपेल. तो त्या जागी गुपचूप खाली बसतो. मग हँडलर, म्हणजे त्याला सांभाळणारा जवान, वायरलेसवर सांगतो, "डॉग सिटिंग." जागा तपासली जाते. काही सापडलं तर उत्तर येतं, "कन्फर्म." त्यानंतरच हँडलर खिशातून रबरी चेंडू काढतो. कुत्र्याचा पगार तोच, मेडलही तेच. कन्फर्म नाही तर चेंडू नाही. कारण कुत्रीही आपल्याइतकीच लबाड असतात. नुसतं बसलं तरी चेंडू मिळतो हे एकदा कळलं, की ती वाटेल तिथे बसू लागतात. हा नियम प्रत्येक हँडलरच्या अंगात भिनलेला असतो.

झारा ही आमच्या युनिटमधली काळी लॅब्रॉडोर. तिचा हँडलर नाईक भगवान शिरसाट, बीडकडचा, कमी बोलणारा. रोजच्या सरावात कन्फर्म म्हणायचं काम माझं. "झारा सिटिंग, साहेब," असं भगवान कडक आवाजात सांगायचा, पण खुशी लपायची नाही. मी पुरलेला माल तपासत असताना झारा माझ्याकडे बघतसुद्धा नसे. तिचे डोळे भगवानच्या खिशावर. एकदा एका पुलाच्या अलीकडे ती बसली म्हणून आमचा अख्खा ताफा थांबला आणि सगळे धडधाकट परत आले. त्या ताफ्यात मीही होतो.

निवृत्त झाल्यावर मी पुण्याजवळच्या चऱ्होलीत दवाखाना टाकला. सकाळी जुन्या गावातल्या गाई-म्हशी, संध्याकाळी नव्या सोसायट्यांमधली खाऊन खाऊन जाड झालेली कुत्री. पुढे भगवान रिटायर झाला. झाराचंही वय झालं होतं. रीतसर परवानगी काढून तो तिला सोबत घेऊन आला आणि चाकणला सिक्युरिटीच्या नोकरीला लागला. स्पेअर पार्टना रंग मारून देणारी छोटी कंपनी होती. गेटजवळच्या खोलीत दोघं राहायची.

उन्हाळ्यात त्याचा फोन आला.

"साहेब, झाराचं काहीतरी बिघडलंय. भंगाराच्या शेडपुढं रोज जाऊन बसायलीय. फोर्कलिफ्टला वाट देईना. मालक म्हणायलेत, रविवारच्या आत कुत्री हलवा."

"नाही हलवली तर?"

"मग मीबी जातो. तिला सोडून कुठं राहू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चाकण गाठलं. कंपनीच्या मालकांना सगळे अण्णा म्हणत. मूळचे तिथलेच शेतकरी, स्वतःच्याच जमिनीवर शेड उभारलेले. मी झाराचे दात, डोळे, छाती, मागचे पाय तपासत असताना ते कमरेवर हात ठेवून उभे होते.

"डाक्टर, म्हातारी झालीया ती. कमरंतनं गेलीय, दुसरं काय न्हाई."

"कंबर चांगली आहे, अण्णा."

"मंग येडी झाली आसंल."

भगवान खाली मान घालून म्हणाला, "खोटं बसायलीय साहेब. चेंडूसाठी. मी चेंडूच बंद केलाय, पेटीत टाकलाय. तर आता हाक मारली तरी उठंना."

त्याचं बरोबरच होतं, नियमानं. स्फोटकं नाहीत म्हणजे कन्फर्म नाही, आणि कन्फर्म नाही तर चेंडू नाही. पण मला चैन पडेना. चेंडूसाठी लबाडी करणारं कुत्रं हँडलरच्या समोर बसतं, कुठेही बसतं. ही एकाच जागी का बसते? आणि फुकट का बसते? आम्ही तिघंही तिच्या बसण्याचं कारण तिच्यातच शोधत होतो. तिच्या नाकासमोर काय आहे, हे बघायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

मी सरावात करायचो तेच केलं. भगवानला झारासह खोलीत पाठवलं, दार लावून घ्यायला सांगितलं. हँडलरला जागा माहीत असली की कुत्रा त्याच्या चेहऱ्यावरून ओळखतो. मग शेडमध्ये तिच्या नेहमीच्या जागेसमोर रचलेल्या पोत्यांपैकी दोन पोती अंगणापलीकडे भिंतीच्या सावलीत ठेवायला लावली आणि दोघांना बाहेर बोलावलं. झारा नेहमीच्या जागेकडे निघाली, मध्येच थांबली, नाक वर केलं, वळली. अंगण ओलांडून त्या दोन पोत्यांपुढे जाऊन बसली. पाठ ताठ, नजर भगवानच्या रिकाम्या खिशावर.

"झारा सिटिंग," भगवान सवयीनं पुटपुटला.

मी पोतं उघडलं. आत रंगाच्या वाळलेल्या खपल्या आणि भुकटी.

"हे काय आहे, अण्णा?"

"रंग फवारायच्या बूथच्या भिंतीवरनं खरवडलेला रंग. एनसी पेंट म्हंत्यात. कचरा हाय."

एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोज. काडतुसांतल्या दारूत असतं तेच. रंगात ते अगदी वेगळ्या कामासाठी घालतात. झाराला नेमका कुठला वास ओळखीचा वाटला, हे मी आजही छातीठोकपणे सांगणार नाही. पण कोरडी झालेली ही भुकटी तापली तर आपोआप पेट घेते, एवढं मला माहीत होतं. एव्हाना दुपार झाली होती आणि उरलेली पोती तापलेल्या पत्र्याखाली होती.

"अण्णा, सगळं ओलं करायचं. आत्ता."

"व्हय, व्हय. जेवणाची सुट्टी हुं द्या, मान्सं लावतो."

"आत्ता, अण्णा. भगवान, पाण्याचा पाइप!"

भगवान पाइप आणायला धावला. तो निघाला म्हणजे शोध पुढे चालू, असं समजून झारा उठली आणि सरळ शेडपुढच्या आपल्या जुन्या जागी जाऊन बसली. अर्धं काम सोडायचं नाही, हे आम्हीच तिला शिकवलं होतं.

पाइप लागायच्या आत शेडमध्ये फुस्स असा आवाज झाला आणि पिवळा जाळ पत्र्यापर्यंत गेला. शेडच्या मागच्या बाजूला कामगार जेवणाचे डबे उघडून बसले होते. भगवान ओरडला, "बाहेर! सगळे बाहेर!" माणसं डबे टाकून पळाली. अण्णा मोजत होते, पुन्हा पुन्हा मोजत होते. सगळे बाहेर आले होते.

झारा हलली नव्हती.

"झारा, इकडं!"

ती बसूनच. चेंडू मिळेपर्यंत बैठक मोडायची नाही, आणि चेंडू पेटीत होता. भगवान धुरात घुसला आणि तिला दोन्ही हातांवर उचलून बाहेर आला. त्याचे हात भाजले होते. तिला जाळ फारसा लागला नव्हता, पण धूर भरपूर गेला होता.

दवाखान्यात मी तिला ऑक्सिजनवर ठेवलं. जे जे करता येतं ते सगळं केलं. भगवान टेबलाशेजारून हलला नाही. ती शुद्धीवर आली नाही. रविवार उजाडला तेव्हा झारा नव्हती.

माझ्या दवाखान्यामागे आंब्याखाली खड्डा खणला. कंपनीतली माणसं शिफ्ट संपवून युनिफॉर्मवरच आली. अण्णाही आले. "हलवा म्हनलो व्हतो मी तिला," एवढंच म्हणाले आणि उपरण्यानं डोळे पुसत बाजूला झाले.

झाराला खाली ठेवल्यावर भगवान सावधानमध्ये उभा राहिला. हाताला बँडेज, नजर समोर.

"झारा सिटिंग, साहेब."

मीही सावधान झालो.

"कन्फर्म."

मग त्यानं खिशातून चेंडू काढला, खाली वाकला आणि तिच्या तोंडाशी ठेवला.