चेअरमनच्या शुभहस्ते

दोष तिघांचा. आमच्या प्राथमिक शाळेच्या हेडमास्तर गुरुजींचा, सोसायटीच्या चेअरमनचा आणि माझ्या बापाचा. थोरामोठ्यांबद्दल असं बोलू नये म्हणतात. म्हणणारेही थोरमोठेच असतात!

हे सगळं आत्ता आठवायचं कारण सल्या. सल्या म्हणजे सलीम. पहिलीपासून सातवीपर्यंत माझ्या शेजारी बसला, आता ट्रकवर क्लीनर आहे. मी नळदुर्गला हायवेवर पंक्चरच्या दुकानात असतो. परवा त्याचा ट्रक दुकानापुढं लागला आणि गाडी थांबायच्या आधीच हा उडी मारून खाली!

"आरं, शाळेच्या फळ्यावर बातमी हाय! जूनपास्नं आपल्या गावात आठवीचा वर्ग! आठवी! आपल्या गावात!"

"आन् खाली काय लिवलंय?" मी विचारलं.

"खाली काय असणार? नेहमीचंच."

आणि आम्ही दोघं एकदम ओरडलो, "चेअरमन साहेबांच्या शुभहस्ते!" त्याचा ड्रायव्हर दचकून बघायलाच लागला.

मग चहा आला आणि किस्से सुरू झाले. शाळेचे किस्से टायरमधल्या खिळ्यांसारखे असतात. एक काढायला बसावं तर आत आणखी चार सापडतात.

*

आधी तो फळा सांगतो.

शाळेच्या फाटकाशी भिंतीवर सिमेंटचा काळा फळा होता. सत्र संपत आलं की गुरुजी स्टुलावर चढून रंगीत खडूनं त्यावर बातम्या लिहायचे. वरच्या अर्ध्या भागात काय झालं ते, खालच्या अर्ध्यात काय होणार ते. वरचा भाग कुणी वाचत नसे. खालचा वाचायला आम्ही दप्तरं टाकून पळायचो! सहल होणार! संमेलन होणार! फुटबॉल येणार! दुष्काळात गावातल्या विहिरी गेल्या, जनावरं गेली, निम्मी माणसं खडी फोडायला गेली. काही येणार आहे असं फक्त त्या फळ्यावर लिहिलेलं असायचं.

कार्यक्रम बदलायचा, पाहुणा बदलायचा नाही. मग दर वेळी खडू कशाला झिजवायचा, म्हणून गुरुजींनी तळाची ओळ ऑइलपेंटनं कायमची रंगवून घेतली: 'मा. चेअरमन साहेबांच्या शुभहस्ते'. वर काहीही लिहा, शेवट ठरलेला!

एकदा वर लिहिलं, 'सोमवारी सर्व मुलांना लस टोचण्यात येईल.'

सोमवारी निम्मी शाळा कडब्याच्या गंजीत लपली. डॉक्टरला आम्ही भीत नव्हतो. पण चेअरमन टोचणार? त्याचा पंजा बैलाच्या खुराएवढा!

आणि चेअरमन खरंच आला की! कुणी बोलावलं नव्हतं. फळा वाचून आला होता, कडक इस्त्रीचा नेहरू शर्ट घालून. आल्या आल्या म्हणाला, "कात्री कुठाय?"

डॉक्टर नवा होता, परगावचा. त्यानं फळ्याकडं बघितलं, चेअरमनकडं बघितलं, आणि सुई हातात घेऊन अगदी अदबीनं म्हणाला, "बरं झालं आलात. करा उद्घाटन. बाही वर घ्या."

टाळ्यांच्या गजरात चेअरमनला लस टोचली. त्या दिवशी शाळेतलं एकही पोरगं रडलं नाही!

*

हापशाचा किस्सा त्याच्या आधीचा, ऐन दुष्काळातला.

शाळेच्या आवारात बोअर मारली आणि पाणी लागलं! आम्ही चिखलात नाचलो. सल्या तर त्या पांढऱ्या चिखलात लोळला, घरी आईनं ओळखलंच नाही. हापसा बसला. दांडा एकदा दाबून बघितला, भसाभस पाणी!

आणि गुरुजींनी दांड्याला लाल फीत बांधली. चेअरमन येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही.

चेअरमन दौऱ्यावर. रोज शाळेपुढून बाया डोक्यावर घागरी घेऊन लांबच्या विहिरीला जायच्या, येताना फीत बघायच्या. आम्ही मधल्या सुट्टीत हापशाभोवती जिभा काढून बसायचो. गुरुजी छडी घेऊन राखणीला!

एक दिवस हिराबाई म्हातारी घागर घेऊन सरळ आत आली. गुरुजी आडवे आले. "आजी, अजून उद्घाटन व्हायचंय."

म्हातारी म्हणाली, "मास्तर, तान बी चेअरमनच्याच हातानं लागती का?"

कमरेचा विळा काढून तिनं एका झटक्यात फीत कापली. घागर भरली, आम्हा पोरांना ओंजळीनं पाजलं आणि निघून गेली. खरं उद्घाटन ते!

गुरुजींनी काय करावं? फितीला गाठ मारून ती परत बांधली. पुढं चेअरमन आला, तीच गाठीची फीत कापली आणि भाषणात म्हणाला, "ह्या हापशाचं पहिलं पाणी पिण्याचा मान मला दिलात, आभारी आहे." पहिल्या रांगेत हिराबाई. पदर तोंडात कोंबून नुसती गदगदत होती.

*

फुटबॉल. हा बारका किस्सा आहे, पण सल्याला सांगितल्याशिवाय चैन पडत नाही.

बॉल आला तो सरळ गुरुजींच्या काचेच्या कपाटात गेला. उद्घाटनाआधी खेळायचं नाही! आम्ही काचेला नाकं लावून बघायचो. सातवीची पोरं शाळा सोडून गेली, पण बॉल कपाटातच. शेवटी मुहूर्त लागला. चेअरमन मैदानात उभा राहिला, धोतर सावरलं, पाय मागं घेतला आणि हाणला!

बॉल जागेवर. कोल्हापुरी चप्पल उडाली आणि सुसाट गोलात!

सगळ्या मैदानानं ओठ चावले. हसावं तर मार, न हसावं तर पोट फुटतंय. गुरुजींनी क्षणभर विचार केला आणि शिट्टी वाजवली.

"गोल!"

*

मग सहल. नळदुर्गचा किल्ला! दोन सत्रं फळ्यावर होता, तिसऱ्या सत्राला ठरला. सोसायटीचा ट्रक फुकट मिळणार होता. आदल्या रात्री कोण झोपतंय! दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कांदा, सगळं फडक्यात बांधून आम्ही दिवस उगवायच्या आत ट्रकमध्ये चढून बसलो. ट्रकात आदल्या दिवशी खताची पोती होती. बसल्या बसल्या सगळे पांढरे झालो, तरी खूश!

ट्रक हलेना. हिरवं निशाण चेअरमन दाखवणार होता.

ऊन चढलं. दशम्या ट्रकातच खाऊन झाल्या. दुपार कलली तेव्हा चेअरमन आला. आधी भाषण केलं, 'इतिहासाचं महत्त्व'. मग निशाण हलवलं. आम्ही जिवाच्या आकांतानं ओरडलो, "गणपती बाप्पा मोरया!" किल्ल्याच्या दरवाजाशी पोचलो तर दिवस मावळायला टेकलेला आणि पहारेकरी दार लोटत होता. ट्रक वळवला.

सल्या म्हणाला, "गुरजी, आपुन किल्ला बघितला का किल्ल्यानं आपल्याला बघितलं?"

गुरुजी म्हणाले, "गप बस. उद्या निबंध आहे, 'मी पाहिलेला किल्ला'."

मला त्या निबंधात सगळ्यात जास्त गुण मिळाले. आता रोज दुकानातून किल्ला दिसतो. निबंधातला जास्त चांगला होता.

*

आता आमची सातवी. एक मे. झेंडावंदन आणि निकाल!

फळा त्या दिवशी इतका भरलेला की खडू संपले. खाली मोठ्या अक्षरांत, 'निकाल व दाखले वाटप, फोटोसह'. आणि त्याखाली ऑइलपेंट. तुळजापूरहून फोटोवाला आला होता, तिपाई घेऊन! आम्ही लेझीम घेऊन रस्त्यावर दोन रांगांत उभे. हुकूम असा की लांबून धुरळा दिसला की लेझीम सुरू.

धुरळा दिसला. आम्ही नाचलो. पाण्याचा टँकर निघाला.

धुरळा दिसला. नाचलो. लग्नाच्या वऱ्हाडाचा ट्रॅक्टर. वऱ्हाडी खाली उतरून आमच्याबरोबर नाचले!

तिसऱ्यांदा धुरळा दिसला तेव्हा गुरुजी हार घेऊन धावतच पुढं गेले आणि डोळ्यांत घाम उतरलेला असताना मोटारसायकलवरून उतरलेल्या माणसाच्या गळ्यात हार घातला. तो जनावरांचा डॉक्टर होता. हार घालून घेतला, बराच वेळ आमचं लेझीम बघितलं, मग बाईंना विचारलं, "जनावरं कुठंयत?"

बाई म्हणजे आमच्या वर्गाच्या बाई. सकाळपासून उन्हात उभ्या होत्या. म्हणाल्या, "ही काय, नाचतायत."

चेअरमन आला नाही. मुंबईला गेला होता. सोसायटी झाली, दूध संघ झाला, आता त्याला साखर कारखाना पाहिजे होता. गुरुजींनी निकाल तोंडी वाचून दाखवला. मी शाळेत पहिला! सल्यानं मला खांद्यावर घेऊन हापशाला फेरी मारली. दाखले मात्र टेबलाच्या खणात गेले. "साहेब आले की त्यांच्या हस्ते देऊ."

*

हा शेवटचा किस्सा सल्या सांगत नाही. मलाच सांगावा लागतो.

गावात सातवीपर्यंतच शाळा. पुढं शिकायचं तर नळदुर्गचं बोर्डिंग. तिथं राहणं-जेवण फुकट, पण जागा मोजक्या. जून लागला की दाखला दाखवेल त्याला जागा. मी पत्र्याची पेटी रंगवून ठेवली होती. निळी. वर नाव घातलं होतं, नावापुढं 'इयत्ता ८ वी'.

जून लागला. चेअरमन मुंबईतच. मी रोज शाळेत जाऊन फळ्यापुढं उभा राहायचो.

एका दुपारी बाईंनी मला आणि बापाला बोलावलं. खणातून दाखला काढला आणि बापापुढं धरला. "घेऊन जा. सही-शिक्का झालाय. उद्याच्या उद्या नळदुर्ग गाठा. बोर्डिंगवाले कुणासाठी थांबत नाहीत."

बापानं धोतराला हात पुसले. दाखला दोन्ही हातांनी घेतला. त्याला वाचता येत नाही, तरी वरपासून खालपर्यंत बघितला.

"ह्येच्यात पयला नंबर लिवलाय का, बाई?"

"दाखल्यात नंबर लिहीत नाहीत."

"मग चेअरमन सायेब भाषणात सांगतील की. फोटू निघंल. आमच्या घरात आजपातूर कुणाचा फोटू न्हाय."

"आबा, बोर्डिंग..." मी म्हणालो.

"गप. असं चोरावानी मागल्या दारानं कशाला घ्यायचं? पयला आलायस तू! समद्या गावापुढं घ्यायचं." आणि त्यानं दाखला परत खणात ठेवला. स्वतःच्या हातानं. खण नीट लोटला.

दारात गुरुजी उभे होते. म्हणाले, "लाख बोललात."

बाई खिडकीकडं तोंड करून उभ्या राहिल्या.

पेरण्या आटोपल्यावर चेअरमन आला. या वेळी धुरळा नव्हता, चिखल होता. लेझीम झालं, हार झाला. पहिलं नाव माझं! फोटोवाला म्हणाला, "दाखला जरा वर धरा. हसा." चेअरमननं माझ्या डोक्यावर पंजा ठेवला आणि कर्ण्यातून गरजला, "ह्या पोराला मी कलेक्टर करणार!" सगळ्यात जोरात टाळ्या माझा बाप वाजवत होता. त्याला एवढा आनंद झालेला मी आधी कधी बघितला नव्हता, नंतरही नाही.

दुसऱ्या दिवशी निळी पेटी घेऊन आम्ही नळदुर्गला. बोर्डिंगच्या कारकुनानं दाखला उलटसुलट बघितला.

"सही एक मेची आहे. इतके दिवस कुठं होता?"

बाप छाती काढून म्हणाला, "चेअरमन सायबांच्या हस्ते घेतला!"

"बरं केलंत," कारकून म्हणाला, "जागा भरल्या."

फोटो आमच्या घरी दारासमोरच्या भिंतीवर आहे. पाहुणा आला की बाप अजून दाखवतो. मी ह्या दुकानात आहे. माझी आठवी झाली नाही.