सोळा पानांसाठी सेंदाई

स्नेहलने ईमेलला जोडून पाठवलं असतं, तर हे हस्तलिखित मला फुकट पडलं असतं. तिने पाठवलं नाही. त्यामुळे ते पडलं मुंबई ते नारिता जाऊन-येऊन विमानाच्या तिकिटाला, सेंदाईच्या बुलेट ट्रेनच्या बावीस हजार येनना, सांगलीत पुन्हा कधीही अंगात न चढणाऱ्या एका जाड जाकिटाला, तीन किलो भडंगाला आणि बायकोच्या एका प्रश्नाला: "दीडशे पानं आणायला माणूस जपानला जातो होय?" भडंग वसूल झालं. बाकीचं वसूल झालं की नाही, ते वाचून तुम्हीच ठरवा.

जे मला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. एसटी स्टँडवरच्या गाळ्यात मी पुस्तकं विकायला बसलो तेव्हा माझं स्वतःचं शिक्षण अर्धवट सुटलेलं होतं. आज माझं स्वतःचं प्रकाशन आहे. कथा-कादंबऱ्या मी छापत नाही. शिलाई, मोटार रिवाइंडिंग, मुलाखतीची तयारी, राग कसा आवरावा, अशी उपयोगाची पुस्तकं काढतो. प्रत्येक पुस्तकाला प्रस्तावना माझी असते आणि ती चांगली सणसणीत असते. गिऱ्हाईक स्टँडवर उभ्याउभ्या ती वाचतं आणि खिशात हात घालतं. लेखक पुस्तक लिहितो, पण खपवते प्रस्तावना, हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगतो.

स्नेहल मिरजेची. सेंदाईच्या विद्यापीठात धातूंवर संशोधन करते. २०११चा भूकंप झाला तेव्हा ती तिथेच होती. वीज, पाणी, गॅस नसताना घर कसं चालवायचं हे ती त्या दिवसांत शिकली, आणि मग फोनवरून आईला शिकवत राहिली. आई मिरजेत एकटी, घर कृष्णेच्या अंगाला. पूर चढला की तिथेही दिवा आणि नळ दोन्ही जातात. त्या शिकवण्याचं तिने पुस्तक केलं होतं. मी नुसतं ऐकूनच नावही ठरवून टाकलं: 'हादरा आणि भरारी'.

"काका, यात भरारी कुठे आहे?" ती फोनवर म्हणाली. "यात बादली आहे."

"बादली मुखपृष्ठावर चालत नाही गं."

"मग तुम्ही इथे या. माझ्यासमोर बसून वाचा. नाहीतर मुंबईचे एकजण मागतायत, त्यांना देते."

मुंबईचं नाव काढलं की माझं तिकीट निघतं. शिवाय पुतण्या निखिल टोकियोजवळ उरायासुला सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे, तो कधीचा बोलावत होता. भूकंपाला तेव्हा तीनेक वर्षं झाली होती. तुम्ही जाणार असाल तर माझ्यासारखं नोव्हेंबरात जा. चेरीच्या फुलांच्या दिवसांत विमानवाले आणि हॉटेलवाले दोघेही आपल्याला फुलासारखे खुडतात. नोव्हेंबरात पिवळी पानं असतात, ती तितकीच सुंदर आणि पुष्कळ स्वस्त.

नारिता विमानतळाहून उरायासुकडे थेट बस मिळते. सामान जास्त असेल तर ट्रेन बदलायच्या भानगडीत पडू नका. निखिलची बायको ऋचा बसथांब्यावर न्यायला आली होती, बरोबर त्यांची सहा वर्षांची मुलगी इरा. मी विचारलं, "ओळखलंस का आजोबांना?" तर म्हणाली, "हाय." मला वाटलं इंग्रजीत नमस्कार केला. ऋचा म्हणाली, "काका, जपानीत ते 'हो' असतं." म्हणजे ओळखलं होतं.

उरायासुचा बराच भाग समुद्रात भर घालून केलेला आहे. रस्ते रुंद, इमारती नेटक्या, स्टेशनबाहेर सायकलींची शिस्तीत रांग. निखिल मला मुद्दाम एका बागेत घेऊन गेला. तिथे जमिनीतून माणसाच्या उंचीएवढं वर आलेलं एक मॅनहोल तसंच जपून ठेवलंय. भूकंपात इथली इमारत पडली नाही, पण जमिनीखालची वाळू पाण्यासारखी झाली, चिखल वर आला आणि गटारांचे पाइप तुटले. "घर एकदम शाबूत होतं," निखिल म्हणाला, "फक्त वापरता येत नव्हतं."

रविवारी त्याच्याकडे चार मराठी घरं जेवायला जमली. मी आपला धंदा सोडतोय होय? बाहेरच्या खोलीत बसलेल्या पुरुषांना विचारलं, तुम्हाला कुठली उपयोगी पुस्तकं वाचावीशी वाटतात? उत्तरं फटाफट आली. वेळेचं नियोजन. नेतृत्वगुण. पंचेचाळिशीत निवृत्ती. आवाज असा की जणू मुलाखतीला बसलेत.

तेवढ्यात माझा कान स्वयंपाकघराकडे गेला. नुकतीच पुण्याहून आलेली तन्वी नावाची मुलगी दबक्या आवाजात विचारत होती, "पण वहिनी, तेव्हा टॉयलेटचं काय केलंत?"

"पहिल्या दिवशी बादलीने ओतलं," शेजारच्या सुवर्णावहिनी म्हणाल्या. "मग खालचे आजोबा जिना चढून आले, वाकून वाकून माफी मागत. म्हणाले, कृपा करून ओतू नका, तुमचं आमच्याकडे वर येतंय."

"ईऽ, मग?"

"मग काळ्या पिशव्या आणि वर्तमानपत्रं. आणि मांजराची वाळू, ती ओल शोषते. ज्या घरांत मांजर नाही त्या घरांनी दुकानातली सगळी मांजराची वाळू संपवली."

"आणि ती पिशवी कुठल्या कचऱ्यात? जळणाऱ्या की न जळणाऱ्या?"

"तेच तर. बिल्डिंगची मीटिंग झाली त्यावर."

हसण्याचा असा फवारा उडाला की नेतृत्वगुणवाले ताटं घेऊन एकेक करत स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले. प्रत्येकाला काहीतरी विचारायचं होतं. पाणी आणायला किती लिटरचा डबा उचलवतो? लिफ्ट बंद असताना तो चढवायचा कसा? निखिल मला म्हणाला, "काका, तुम्ही सर्व्हे करताय की चकल्या खाताय?" मी दोन्ही करत होतो. वाचकाला काय हवं असं त्याला तोंडावर विचारलं की तो शोभेलसं उत्तर देतो. तो शेजाऱ्याला हळूच काय विचारतो, त्याचं पुस्तक निघतं. स्टँडवर उभं राहून मी हेच तर शिकलो होतो, आणि ते उरायासुतही खरं निघालं याचा मला मनापासून आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी ऋचाबरोबर टोकियोतलं एक मोठं पुस्तकांचं दुकान पाहिलं. प्रवेश फुकट आहे आणि कुणी हटकत नाही, तेव्हा खर्च न करता दिवस घालवायचा असेल तर उत्तम जागा. माणसं ओळीने उभी राहून अख्खी पुस्तकं वाचतात. आमच्या गाळ्यावर असं कुणी केलं तर मी दोनदा खोकतो. व्यावहारिक पुस्तकांसाठी कपाटंच्या कपाटं. ऋचा एकेक नाव वाचून दाखवत होती: घर कसं आवरावं, साहेबाला नाही कसं म्हणावं, झोप कशी लागावी. आणि एका फळीवर चक्क भारतीय पद्धतीने गुणाकार कसा करावा.

"काका, इथल्यांना वाटतं आपल्याला सगळ्यांना एकोणिसाचा पाढा येतो."

"मला एकोणतिसाचाही येतो," मी म्हणालो. आणि तिथेच म्हणून दाखवला. आपण जपानी शिस्तीची पुस्तकं विकतो आणि हे आपले पाढे विकतात, हे बघून ऊर भरून आला.

पैसे देताना काउंटरवरची मुलगी पुस्तकाला साध्या कागदाचं कव्हर घालून देते. ट्रेनमध्ये कोण काय वाचतंय ते कळत नाही. "झोप कशी लागावी हे वाचतोय, ते लपवायला?" मी विचारलं. ऋचा म्हणाली, "पुस्तक मळू नये म्हणून, काका." तरीही मला माझंच पटतं.

मग सेंदाई. बुलेट ट्रेनला टोकियोहून दीड तास लागतो, एका बाजूचे साधारण अकरा हजार येन. परदेशी पाहुण्यांसाठी पास मिळतो, पण एवढ्या एकाच फेरीसाठी मला तो महाग पडत होता. तुम्ही क्योटो, हिरोशिमाही करणार असाल तर आकडेमोड करून बघा. खायला स्टेशनवरच्या कोंबिनीतून, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या छोट्या दुकानातून, भाताचे तिकोनी गोळे घ्या. आंबट जर्दाळूसारखं फळ भरलेला गोळा मागितलात तर मासा निघण्याची भीती नाही.

स्नेहल स्टेशनवर सायकल हातात धरून उभी होती. मिरजेचा हेल तसाच, चाल मात्र तिथल्या माणसांसारखी झपाझप. आधी तिने झुंदा मोची खायला घातली. हिरव्या सोयाबीनचं गोड वाटण फासलेला तांदळाचा चिकट गोळा. पुरणाचा लांबचा नातेवाईक म्हणा. मग बसने तिच्या घरी.

घर म्हणजे दोन खोल्या. कपाट आणि छत यांच्यामध्ये दोन दांडे घट्ट बसवलेले. पलंगाखाली चपला आणि बॅटरी. हात धुवायला गेलो तर टबात कालचं पाणी तसंच.

"पाणी सोडायचं विसरलीस."

"विसरले नाही काका. नवीन भरायच्या आधी सोडायचं."

मी जेवणाच्या टेबलाशी बसून हस्तलिखित वाचलं. ती समोर बसून भडंग खात होती आणि माझ्या तोंडाकडे बघत होती. 'काच फुटलेली असते. चपला दाराजवळ नको, पलंगाखाली ठेवा.' 'टॉयलेटमध्ये पाणी ओतण्याआधी खालच्या घरी विचारा.' 'पिण्याचं पाणी आणि वापरायचं पाणी वेगळ्या रंगाच्या भांड्यांत ठेवा. तिसऱ्या दिवशी डोकं चालत नाही.' या शेवटच्या वाक्यावर मी थांबलो. एवढ्या वर्षांत इतकं उपयोगी वाक्य माझ्या हाताखालून गेलं नव्हतं. आमच्या जिल्ह्यातली मुलगी असं लिहिते याचा अभिमान वाटला, आणि हे मुंबईला जाईल या कल्पनेने मी घाईनेच बोलून टाकलं.

"नाव तुझं राहू दे," मी म्हणालो. "'पाणी-वीज नसताना घर'. बादलीही घालू मुखपृष्ठावर."

"आणि प्रस्तावना नको."

"म्हणजे?"

"काका, राग मानू नका. भूकंपानंतर शाळेच्या हॉलमध्ये होतो. कुणीतरी एक माहितीपुस्तिका हातात दिली. बोटं गारठलेली, मोबाईलची बॅटरी जपायची. आणि पहिली चार पानं नुसत्या शुभेच्छा. मी ती पानं फाडली, बोळा केला आणि बुटात कोंबला."

"ऊब आली?"

"आली."

"मग शुभेच्छा कामी आल्या की."

ती हसली, पण हटली नाही. "आईने अंधारात पुस्तक उघडलं तर पहिल्या पानावर पहिली दहा मिनिटं पाहिजेत, आधी काय करायचं ते. तुमचं मनोधैर्य नको."

"अगं, लोक पुस्तक घेतात ते माझी प्रस्तावना वाचून. फोन करून त्यातली वाक्यं ऐकवतात मला."

"कोण लोक?"

"वाचक."

"बरं," ती म्हणाली, आणि भडंगाचा डबा माझ्याकडे सरकवला.

दोन चहा झाले. शेवटी तोडगा मीच काढला. पहिली दहा मिनिटं मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला, उघडताक्षणी दिसतील अशी. त्यानंतर सोळा पानं माझी. छपाईत सोळा पानं एका मोठ्या कागदावर छापून घडी घालतात, त्याला आम्ही फर्मा म्हणतो. एक अख्खा फर्मा माझा, पुढचे सगळे तिचे. तिने भडंगाचा डबा बंद केला. "आईला ती पानं उलटून पुढे जाता आलं पाहिजे," म्हणाली, आणि पेन ड्राइव्ह माझ्या हातावर ठेवला.

परतीच्या ट्रेनमध्ये खिडकीबाहेर अंधारतं शेत पळत होतं आणि मी मनात प्रस्तावनेची पहिली ओळ जुळवत होतो. मुंबई हरली होती. एकोणतिसाचा पाढा येणारा माणूस सेंदाईहून जिंकून निघाला होता.

सांगलीत आल्यावर लोक विचारतात, जपानमधून काय आणलं? घरातली दोन कपाटं मी भिंतीला जखडली. पलंगाखाली चपला ठेवल्या, त्यावरून बायको अजून बोलते. आणि पुस्तक आणलं. पहिली प्रत स्नेहलच्या आईला नेऊन दिली. त्यांनी मुखपृष्ठाच्या आतलं पान चष्मा लावून वाचलं, उठून दोन बादल्या भरल्या आणि मगच मला चहा दिला. प्रती प्रेसमधून परस्पर स्टँडवरच्या गाळ्यांवर गेल्या आणि हातोहात संपल्या. फोन तर इतके आले की बायकोने माझा मोबाईल स्वयंपाकघराबाहेर ठेवायला लावला. टाकी किती लिटरची घ्यावी, गॅसचा कॉक कुठल्या बाजूला फिरवावा, आजारी माणसाला जिन्यावरून कसं उतरवावं. एवढे मुद्द्याचे प्रश्न मला कुठल्याच पुस्तकावर आले नव्हते.

दुसऱ्या आवृत्तीच्या दुरुस्त्यांसाठी मी बांधलेली प्रत पहिल्यांदाच उघडली. प्रूफं तीनदा वाचली होती, प्रत कशाला उघडू? मुखपृष्ठाच्या आत पहिली दहा मिनिटं बरोबर होती. त्यानंतर माझ्या प्रस्तावनेच्या जागी माझ्याच शेळीपालनाच्या पुस्तकातला एक फर्मा बांधला गेला होता. बाइंडरकडे गठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती, आणि सगळ्या आवृत्तीत तसंच होतं. स्नेहलला फोन केला तर म्हणाली, "मला वाटलं, तुमच्या दुसऱ्या पुस्तकाची जाहिरात आहे."

प्रस्तावना कुठे आहे, असं एकाही वाचकाने विचारलं नव्हतं. शेळ्यांच्या जंताच्या औषधाचं पुढचं पान कुठे मिळेल, असं दोघांनी विचारलं होतं.