धूळ काढ, सुरकुत्या राहू दे

अर्धापुरात शिवशंकरचं फ्लेक्सचं दुकान आहे. गावातला निम्मा मोठेपणा तिथंच छापून निघतो. एआय आल्यापासून तर हा गडी देवच होऊन बसला. वाढदिवसाच्या पोराला मिशी फुटली नसली तर फोडून देतो. टकलावर केसांचं पीक काढतो. ना खत, ना पाणी. मी त्याचा बालमित्र, म्हणजे फुकट चहा पिणारा.

हल्ली मात्र दुकानात पाटी लागलीय: ‘वाढदिवसाला काहीही करू. गेलेल्या माणसाच्या चेहऱ्याला घरच्यांना विचारल्याशिवाय हात लावणार नाही.’ ती लागली चांगुणाबाईंमुळे.

त्यांच्या मालकांचं, साहेबरावांचं, पहिलं पुण्यानुमोदन होतं; त्यांना जाऊन वर्ष झालं होतं. आदल्या दिवशी मुलगा रविकांत फोटो घेऊन आला. एकुलता एक फोटो, तोही कुणाच्या लग्नातला, धुरकट. “बाबा जरा भारी दिसू दे,” म्हणाला आणि मंडपाच्या कामाला पळाला. शिवशंकरनं भारी केलं. कोट चढवला, गाल भरले, आणि साहेबरावांचा जन्माचा अर्धमिटला डावा डोळा टक्क उघडून दिला.

संध्याकाळी रविकांत आईला घेऊन आला. चांगुणाबाईंनी स्क्रीनकडं बराच वेळ पाहिलं.

“साहेब दिसतेत. कोण हायेत?”

“आये, बाबाच की! डोळा तेवढा नीट केला.”

“नीट? तुझा बाप मला बघाया आला, तवा मला वाटलं डोळा मारून राहिला. लई रागावले होते मी. त्याच डोळ्यासंगं संसार केला, बाबा. उद्या समदे ह्या पाहुण्याला हार घालतील, मी कुणाला घालू?”

नगरसेवकाचंही न ऐकणाऱ्या शिवशंकरनं मुकाट कोट उतरवला, जुना फोटो परत लावला आणि चांगुणाबाईंना बसायला स्टूल पुढं ओढलं.

“मावशी, आता तुम्ही म्हणाल तेवढंच. धूळ काढू?”

“काढ.”

“मागचे वऱ्हाडी?”

“काढ. ती जाऊबाई तर आधी काढ.”

“सुरकुत्या?”

“राहू दे. निम्म्या माझ्याच पायी पडल्यात.”

डोळ्याचं त्यानं विचारलंच नाही. धूळ सरली, आणि साहेबराव एक डोळा अर्धा मिटून आमच्याकडं बघायला लागले.

चांगुणाबाई स्टुलावरून उठल्या आणि त्यांनी डोक्यावर पदर घेतला.